दुखतंय म्हटलं की दुखतंय

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानात, मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विभागातून निवृत्त झालेल्या परिचारिका आणि आपल्या एक सभासद यांनी केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



रांगोळी झाली, क्रिकेटचे सामने झाले, पाककृती स्पर्धेत कोळंबीच्या भातावरून भांडणंही झाली. आता या सगळ्यात ऑपरेशनचा विषय कुठून आला, असं काहींच्या मनात आलं असेल. कारण सांगते. आपल्याच एका घरातल्या साडेतीन वर्षांच्या मुलाचं हृदयाचं ऑपरेशन लवकरच व्हायचं आहे. त्याच्या आईवडिलांनीच मला म्हटलं, "ताई, तुम्ही एकदा सगळ्यांसमोर बोला, म्हणजे जिन्यात उभं राहून प्रत्येकाला वेगळं सांगायला नको." त्यांच्या परवानगीने बोलते आहे. नाव घेणार नाही, तुम्हीही इथे घेऊ नका.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. हे काही जगावेगळं नाही. जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. कुणाच्या पडद्याला भोक, कुणाची झडप अरुंद, कुणाची जन्मानंतर बंद व्हायला हवी ती रक्तवाहिनी उघडीच राहिलेली. यात आईने गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचा काही संबंध नाही. हे मी सासूबाईंकडे बघून म्हणते आहे असं कुणी समजू नये, पण समजलं तरी चालेल.

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, ते असे दोषही शोधतं. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या शेजारच्या पालघरमध्येच सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. आज ज्या योजनेला महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणतात, ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपला रायगड होता. आणि खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात. म्हणजे ऑपरेशन कुठे आणि कसं करायचं, याचं उत्तर आता उरणच्या माणसालाही सापडतं. माझा आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. ऑपरेशन छान झालं, मूल वाचलं, सगळ्यांनी देवाला नारळ फोडला. आणि मुलाला दुखतंय. त्याचं काय?

आपल्याकडे लहान मुलाच्या दुखण्याकडे बघायची एक पद्धत आहे. "काही नाही होत." "शूर आहे ना माझा राजा?" "मुलगा असून रडतोस?" हे आपण प्रेमानेच म्हणतो. पण मूल त्यातून एवढंच शिकतं की दुखलं तरी सांगायचं नाही.

हे फक्त आपल्या घरातलं नाही, डॉक्टरी शास्त्रातसुद्धा होतं. अगदी १९८०च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत असं मानलं जायचं की नवजात बाळाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला वेदना आपल्यासारखी कळत नाही. दुसरी भीती अशी की एवढ्याशा जिवाला भूल आणि अफूवर्गातली औषधं झेपणार नाहीत. त्यामुळे अनेक बाळांची ऑपरेशनं अगदी हलक्या भुलीवर, हालचाल थांबवणारं औषध देऊन व्हायची. बाळ हलत नाही, म्हणून त्याला दुखत नाही, असा हिशोब.

हा हिशोब खोटा ठरवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते डॉक्टर आपल्याकडचेच. डॉ. कंवलजीत आनंद. त्यांनी इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि पुढे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा अभ्यास केला. ऑपरेशन कुठलं, तर हृदयाजवळची ती उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याचं. काही बाळांना नेहमीच्या हलक्या भुलीबरोबर फेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामक दिलं, काहींना नाही. ज्यांना दिलं नाही त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त वाढली आणि ऑपरेशननंतरच्या अडचणीही त्यांनाच जास्त आल्या. हे १९८७ मध्ये छापून आलं. पुढे अमेरिकेत बोस्टनला नवजात बाळांच्या हृदयाच्या ऑपरेशनांत त्यांनी पुन्हा हेच तपासलं. तो अभ्यास १९९२ चा. ३० बाळांना खोल भूल आणि नंतरही भरपूर वेदनाशामक, १५ बाळांना त्यापेक्षा हलकी भूल. हलक्या भुलीच्या १५ पैकी ४ बाळं दगावली. खोल भुलीच्या ३० पैकी एकही नाही. अभ्यास लहान होता, पण हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ड्यूटीवरच्या खुर्चीत बराच वेळ नुसती बसून होते.

कारण साधं आहे. वेदना म्हणजे केवळ रडणं नव्हे. वेदनेने ठोके वाढतात, रक्तदाब वाढतो, साखर वाढते, आणि ज्या हृदयाला नुकतेच टाके घातले आहेत त्यालाच जास्त राबावं लागतं. मूल खोल श्वास घेत नाही, कारण छाती दुखते. खोल श्वास नाही, खोकला नाही, म्हणजे कफ साठतो. कफ साठला की न्यूमोनिया. दुखतं म्हणून जेवत नाही, झोपत नाही, उठत नाही. म्हणून वेदनेचं औषध देणं हा ऑपरेशनचाच पुढचा भाग आहे, लाड नव्हेत.

आयसीयूत काय चालतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे काचेतून बघताना घाबरायला होणार नाही. पहिले एक-दोन दिवस मॉर्फिन किंवा फेंटॅनिल नसेतून थेंब थेंब चालू असतं, सोबत ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल. काही ठिकाणी भूलतज्ज्ञ छातीचा भाग बधिर करणारं इंजेक्शनही देतात. बोलता न येणाऱ्या बाळाला किती दुखतंय हे आम्ही अंदाजाने ठरवत नाही. चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. दहापैकी किती, ते दर काही तासांनी कागदावर लिहायचं. थोड्या मोठ्या मुलाला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दाखवायची, त्याने बोट ठेवायचं. तुमच्या मुलाला हे चेहरे घरीच आधी दाखवून ठेवा. खेळ म्हणून. "मुंगी चावली तर कुठला चेहरा? दारात बोट सापडलं तर कुठला?" ऑपरेशननंतर शिकवायला गेलात तर जमत नाही.

आणि जे गप्प पडून आहे त्या मुलाकडे जास्त लक्ष द्या. रडणारं मूल आपली बाजू स्वतः मांडतं. गप्प मूल कधी कधी एवढं दुखत असतं की हललं तर आणखी दुखेल म्हणून ते हलतच नाही. बाहेर नातेवाईक म्हणत असतात, किती शहाणं आहे हो, आवाज नाही.

मोठी माणसं मला नेहमी विचारतात, मॉर्फिन म्हणजे अफूच ना, सवय लागेल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस वेदनेसाठी दिलेल्या औषधाने मूल व्यसनी होत नाही. आठवडाभर किंवा जास्त द्यावं लागलं तर शरीर त्याला सरावतं, म्हणून ते एकदम बंद न करता हळूहळू उतरवतात. उतरवताना मूल चिडचिडं होईल, घाम येईल, शिंका येतील, जुलाब होतील. ते दिसलं तर सिस्टरला सांगा. त्यावर उपाय आहेत. या औषधांनी पोटही कडक होतं, शौचाला होत नाही, आणि कुंथताना छाती दुखते. लाजू नका, तेही सांगा.

सगळ्यात जास्त कशाने दुखतं माहीत आहे? पुष्कळ मुलं छातीच्या मोठ्या जखमेपेक्षा नळ्यांची तक्रार करतात. छातीत साठणारं पाणी-रक्त बाहेर यावं म्हणून त्या घातलेल्या असतात. त्या काढण्याआधी थोडा वेळ औषध दिलं जावं, हे आईवडील विचारू शकतात. "नळी काढायच्या आधी दुखण्याचं काही देणार ना?" हे विचारणं म्हणजे डॉक्टरांना शिकवणं नव्हे. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही. तान्ह्या बाळाला सुई टोचताना आईने अंगावर घेतलं, छातीशी धरलं, तर त्याला कमी दुखतं. हे अभ्यासांतून सिद्ध झालेलं आहे, आपल्या आज्यांना आधीच माहीत होतं. आणि कृपा करून "टोचणार नाही हं" असं खोटं सांगू नका. "टोचेल, दहा म्हणेपर्यंत दुखेल, मी हात धरून आहे." हे पुरतं. एकदा फसवलंत की पुढच्या प्रत्येक वेळी पांढरा कोट दिसला की किंकाळी.

आता घर. खरी परीक्षा इथे असते, कारण इथे सिस्टर नसते, इथे तुम्ही-आम्ही असतो.

पहिला प्रश्न घरी यायचा. खारघर-पनवेलकडून येताना गव्हाण फाट्यानंतर कंटेनरच्या ट्रेलरांमागे गाडी किती वेळ अडकेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि खड्डे तर आपल्या पाठीलाच पाठ आहेत. प्रत्येक गचका त्या हाडाला बसतो. म्हणून निघण्याच्या वेळेच्या हिशोबाने दुखण्याचं औषध आधी द्यावं, कसं ते डिस्चार्जच्या वेळी विचारून घ्या. पट्टा लावायचाच, फक्त पट्टा आणि छातीच्या मध्ये मऊ टॉवेलची घडी ठेवा. पुढच्या तपासण्यांना आता १२ जानेवारी २०२४ पासून उरणहून लोकल आहे, हे मोठं सुख झालं. पूर्वी इथली माणसं मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायची, ओहोटी असली की ताटकळत बसायची. लाँचमधून पोराला दोन्ही हात धरून वर ओढायचं, ही आपली बंदरावरची सवय. ती सवय या मुलासाठी सोडायची आहे.

का, ते समजून घ्या. छातीचं मधलं हाड उभं कापून आत जातात आणि नंतर तारेने किंवा पक्क्या धाग्याने बांधतात. ते पुरतं जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. काखेत हात घालून उचललं की दोन्ही बाजू फाकल्यासारखा ताण येतो. म्हणून एक हात बुडाखाली, दुसरा मानेमागे-पाठीमागे, असं परातीतून उचलल्यासारखं उचला. घरातल्या प्रत्येकाला आधी बाहुलीवर शिकवा. मामालासुद्धा. मामा लोक हमखास उंच उडवतात. काही मुलांचं ऑपरेशन बरगड्यांच्या मधून, बाजूने होतं. तिथे हाड कापलेलं नसतं म्हणून लोकांना वाटतं कमी दुखेल. उलट श्वासागणिक बरगडी हलते, तेव्हा ते जास्तही दुखू शकतं.

औषध घड्याळाप्रमाणे द्या. पहिले काही दिवस डॉक्टरांनी जी वेळ लिहिली असेल, त्या वेळेला, मूल खेळत असलं तरी. दुखणं पुरतं चढू दिलं की ते उतरवायला वेळ लागतो. पॅरासिटामॉलच्या बाबतीत एक गोष्ट नीट ऐका. बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. एकात ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात २५०. १० किलोच्या मुलाला डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम लिहिलं, तर पहिल्या बाटलीतून ६ मिलिलिटर होतात आणि दुसऱ्या बाटलीतून फक्त ३. दुकानात एक बाटली संपली म्हणून दुसरी घेतली आणि माप तेच ठेवलं, की डोस दुप्पट. थेंबांची छोटी बाटली तर याहून कितीतरी जास्त तीव्र असते. म्हणून "किती चमचे" असं विचारू नका, "किती मिलिग्रॅम" विचारा आणि बाटलीवर वाचून, सुईशिवायच्या सिरिंजने मोजा. सर्दीच्या औषधातही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच, दोन्ही एकत्र देऊ नका. आणि घरात ठेवलेली आयबुप्रोफेनची बाटली हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नका. काही मुलांना रक्त पातळ ठेवायला थोडं अॅस्पिरिन चालू असतं, त्यात ते अडथळा करतं, शिवाय मूत्रपिंडांवर ताण येतो.

औषधाचा अंमल चालू असतानाच श्वासाचे व्यायाम करून घ्या. तीन बॉलचं यंत्र मोठ्या मुलांना ठीक. लहानांना भिरभिरं द्या, साबणाच्या पाण्याचे फुगे द्या, पिपाणी द्या. हो, पिपाणी. खालच्या मजल्यावरच्या काकांना मी आत्ताच विनंती करते, महिनाभर सोसा. खोकताना छातीशी उशी किंवा टेडी घट्ट धरायला शिकवा.

खाण्याचं म्हणाल तर ताजी मासळी, डाळ, अंडं उत्तम, जखम भरायला प्रथिनं लागतात. फक्त लघवीचं औषध चालू असेल तर सुकट, सुका जवळा, खारे बोंबील, लोणचं बाजूला. आपल्याकडे ताटात सुकं नसलं तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही, मला माहीत आहे. पण ते मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. काही मुलांना तेल-तुपाचंही पथ्य असतं. तुम्हाला वेगळं सांगितलं असेल तर माझं ऐकू नका, त्यांचं ऐका.

रात्री मूल दचकून उठेल. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होईल. आईला सोडणार नाही, बहिणीला मारेल. याला नाटक म्हणू नका. शरीराची जखम दोन महिन्यांत भरते, ही भीती जरा सावकाश उतरते. दिवा लावून ठेवा, बाहुलीला पट्टी बांधू द्या, तेच तेच पुन्हा विचारलं तरी पुन्हा सांगा. बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. महिने गेले आणि झोप, जेवण, शाळा रुळावर येत नसेल तर तपासणीच्या वेळी सांगा.

आणि फोन केव्हा करायचा? ताप १००.४ च्या वर गेला, जखम लाल झाली, पाणी सुटलं, हाड कटकट वाजतंय किंवा हलतंय असं वाटलं, दम लागला, ओठ निळसर दिसले, दूध-जेवण एकदम सुटलं, तर त्याच दिवशी. बरं होत आलेलं दुखणं दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा वाढलं, सोबत ताप, आडवं झालं की छाती जास्त दुखते, तर हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज असू शकते. ती औषधाने बरी होते, पण वेळेवर कळली पाहिजे. दातही सांभाळा. किडक्या दातातले जंतू हृदयापर्यंत जातात. दातांच्या डॉक्टरकडे गेलात की आधी ऑपरेशनबद्दल सांगायचं.

भाषणानंतर काही प्रश्न आले, तेही लिहून देते.

एका आजींनी विचारलं, न्हाणं-माखणं, मालीश, शेक-धुरी केव्हा सुरू करायची? आजी, पायांना हलक्या हाताने तेल लावा, जावळावरून हात फिरवा, ती माया त्याला हवीच आहे. पण छातीला तेल नाही, जखमेवर हळद नाही, राख नाही, पावडर नाही. डॉक्टर सांगेपर्यंत पालथं घालायचं नाही. धुरी तर मुळीच नको, ती फुप्फुसांना त्रास देते. दृष्ट काढायची असेल तर जरूर काढा, मात्र मिरच्या विस्तवात टाकायला पार तळमजल्यावर जा.

एका वहिनींनी विचारलं, भेटायला केव्हा यायचं? पहिले पंधरा दिवस दारातून. सर्दी-खोकला असेल तर दारातूनही नाही. त्यापेक्षा मोठ्या बहिणीला शाळेत सोडा, डबा पाठवा, लिफ्ट बंद पडली तर खाली खुर्ची आणून ठेवा. आणि मूल "दुखतंय" म्हणालं तर त्याच्यासमोर "आमच्या बंड्याला तर काही झालं नव्हतं" हे सांगू नका. गणपतीत ढोल त्यांच्या विंगखाली न थांबवता गेटपाशी थांबवता येईल का, हे सचिवांनी लिहून घेतलं आहे.

शेवटचा प्रश्न सतरंजीवरून आला. "मग तो आमच्यात खेळायला केव्हा येणार?" सहा आठवड्यांनी तपासणी आहे. डॉक्टर हो म्हणाले तर हळूहळू धावायला, सायकल त्यानंतर. टेनिस बॉल छातीवर बसेल असं काही नाही, निदान तीन महिने तरी नाही. तोपर्यंत पार्किंगच्या कट्ट्यावर खुर्ची टाकून तो स्कोअर ठेवेल. त्याला अजून वीसच्या पुढे आकडे येत नाहीत, तेवढे तुम्ही शिकवा.